पुरुषाचा शृंगार आणि बाजाराची सनद

तालुक्याच्या कोणत्याही गावी, बाजारपेठेतल्या केशकर्तनालयाच्या भिंतीवर टांगलेले दरपत्रक आज सावकाश वाचून पाहण्यासारखे झाले आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यावर कटिंग आणि दाढी अशा दोन, फार तर डोक्याची मालिश धरून तीन ओळी असत. आज तेथे फेशियल, क्लीन-अप, डी-टॅन, हेअर स्पा, दाढीचा आकार, केसांचा रंग अशी पंधरा-वीस कलमे असतात, आणि पोलीसभरतीची तयारी करणारा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, बँकेतला कारकून, दुचाकीवरून जिल्हा पालथा घालणारा औषधविक्रेता असे नाना थरांतले पुरुष त्यांतले एखादे कलम निवडून, लग्नसराईच्या किंवा गणपतीच्या आधी, तास-दीड तास त्या खुर्चीत निमूटपणे बसून राहतात. घरातली वडीलधारी मंडळी हे पाहून हसतात आणि आपल्या वेळी पुरुष असले चाळे करीत नसत, असे सांगतात. उलट प्रसाधनांचे व्यापारी आणि त्यांचे जाहिरातदार याच दृश्याकडे बोट दाखवून म्हणतात की भारतीय पुरुष अखेर जुन्या दडपणातून मोकळा झाला. मला ही दोन्ही मते अमान्य आहेत. कारण पहिल्यात आपल्याच भूतकाळाविषयीचे अज्ञान आहे, आणि दुसऱ्यात, जिला मुक्ती म्हणून गौरवले जाते तिच्या आडून एका पिढीच्या मुलांवर लादला जाणारा नवा न्यूनगंड दडवलेला आहे.

पुरुषाने नटणे ही आपल्याकडे नवी गोष्ट मुळीच नाही. नवे आहे ते इतकेच की तो आता स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या पैशांनी नटतो. जुन्या मराठी घरातला कर्ता पुरुष आपल्या शरीराविषयी उदासीन होता असे जे चित्र आपण रंगवतो, ते त्याच्या शरीरासाठी राबणारे हात वगळून काढलेले असते. पहाटे बंबात पाणी तापवणारी, न्हाणीघरात पंचा नि धोतर नेऊन ठेवणारी, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला त्याच्या पाठीला तेल-उटणे लावणारी स्त्री त्या चित्रात नसते. ठरलेल्या वारी काखेत धोकटी मारून ओटीवर येणारा, वस्तरा, कात्री, नराणी, तुरटी आणि आरसा मांडून त्याची डोई, दाढी आणि नखे काढणारा न्हावीही त्या चित्रात नसतो. बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या या कारागिराला वर्षभराच्या सेवेचा मोबदला सुगीला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने मिळे, आणि त्याचे माप पुष्कळदा देणाऱ्याच्या मर्जीवर ठरे. सेना महाराजांनी याच धंद्यातली परिभाषा घेऊन परमार्थ सांगितला, म्हणून या हातांना निदान संतवाङ्मयात प्रतिष्ठेचे स्थान लाभले. पण हेही येथेच नोंदवले पाहिजे की हा वस्तरा गावातल्या सर्वांसाठी नव्हता. महार-मांगांच्या वस्तीकडे तो वळत नसे. ज्या काळाला आपण साध्या आणि निर्मळ पौरुषाचा काळ म्हणून आळवतो, त्या काळात एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या हनुवटीला हात लावावा की नाही, याचा निर्णय जातीच्या कायद्याने होत होता. आज दाम मोजणारा कोणीही त्या खुर्चीत बसू शकतो, निदान बहुतेक ठिकाणी बसू शकतो, हा पालट इतका मोलाचा आहे की केवळ तेवढ्यासाठी मी त्या दरपत्रकाकडे आदराने पाहीन.

अलंकारांचेही तसेच आहे. पेशवाईतल्या मुत्सद्द्यांची आणि सरदारांची चित्रे पाहावीत: कानाच्या वरच्या कडेला मोत्यांची भिकबाळी, गळ्यात कंठा, मनगटात कडे, पगडीवर शिरपेच आणि तुरा. हे लेणे लेवून मोहिमेवर जाणाऱ्या पुरुषांच्या पौरुषाविषयी कोणाला शंका येत नव्हती. मात्र तो शृंगार हौस म्हणून कोणीही करावा असा नव्हता. शिरपेच आणि वस्त्रे दरबारातून मिळत, ती मानाची निशाणी असे, आणि कोणी काय ल्यावे याला दर्जाची चौकट असे. पुढे अंमल बदलला तशी चौकट बदलली, पण हुकूम करणारा कोणीतरी राहिलाच. कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या सैन्यात गोऱ्या सैनिकांनी मिशा राखल्याच पाहिजेत असा हुकूम १८५४ साली निघाला. पुढे साऱ्या ब्रिटिश सैन्याच्या नियमावलीत वरचा ओठ भादरण्याला मनाई होती, आणि ती मनाई पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९१६ मध्ये, उठवण्यात आली. मिशी ही मर्दानगीची निसर्गदत्त खूण आहे असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ती खूण टिकवण्यासाठी एका साम्राज्याला सरकारी दप्तरात कलम घालावे लागले होते. त्याच युद्धाने गुळगुळीत गालाला प्रतिष्ठा दिली. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ साली अमेरिकेत स्थापलेल्या कंपनीने त्या युद्धात अमेरिकन सैन्याला सुमारे ३५ लाख रेझर पुरवले, आणि ते सैनिक घरी परतले ते रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय, व पाते बोथट होताच नवे विकत घेण्याची गरज, या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊनच. पुरुषाचा चेहरा कसा असावा याची सनद आजवर जातीने दिली, दरबाराने दिली, पलटणीने दिली. कारखाना हा त्या परंपरेतला सर्वांत अलीकडचा सनददार आहे.

पुरुषाच्या नटण्याकडे मराठी मन संशयाने कसे पाहू लागले याचा विचार करताना मला १९११ साली रंगभूमीवर आलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' आठवते. तिथला लक्ष्मीधर श्रीमंत, दागिन्यांनी मढलेला आणि भित्रा. धैर्यधर निर्धन, शूर आणि साध्या वेषातला सेनापती. टिळकांच्या तालमीत तयार झालेल्या, पारतंत्र्याची बोच मनात बाळगणाऱ्या नाटककाराला हिरे भित्र्याच्या अंगावर आणि साधेपणा वीराच्या अंगावर घालावासा वाटला, हे त्या काळाशी सुसंगतच होते, आणि त्या आदर्शाने दोन पिढ्यांना साधे राहण्याचे बळ दिले हेही मी विसरत नाही. परंतु त्याच नाटकाची नायिका भामिनी रंगवीत होते बालगंधर्व. एका पुरुषाने केलेला तो शृंगार पाहायला सारा महाराष्ट्र लोटत होता. प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची पद्धत उचलीत होत्या. एकाच रंगमंचावर, एकाच रात्री, पुरुषाचे नटणे लक्ष्मीधराच्या ठिकाणी हास्यास्पद आणि भामिनीच्या ठिकाणी वंदनीय ठरत होते, आणि प्रेक्षकांना त्यात कोणतीही विसंगती जाणवत नव्हती. पौरुषाची कल्पना किती लवचीक असते, आणि समाजाने मनावर घेतले तर ती किती सहजपणे विस्तारते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत व्यापाऱ्यांनी ही लवचीकता ओळखली. पुरुषाला प्रसाधन विकायचे तर आधी त्याला अभय दिले पाहिजे, आणि ते अभय ज्याच्या मर्दपणाविषयी कोणाला शंका नाही अशा खेळाडूकडून देववले पाहिजे, हे त्यांना उमगले होते. इंग्लंडमध्ये डेनिस कॉम्प्टनने ब्रिलक्रीमसाठी जे केले, ते आपल्याकडे मुंबईचा यष्टिरक्षक फारूख इंजिनिअर याने केले. ऐंशीच्या दशकात कपिल देव पामोलिव्हच्या फेसाची शिफारस करू लागला. त्या जाहिरातींत एक प्रकारचा भोळेपणा होता. दाढी करणे, केस बसवणे ही पुरुषाची मान्य झालेली कामे होती, आणि ती अधिक नेटकी व्हावीत एवढेच त्यांचे म्हणणे असे. चेहऱ्यात काही उणे आहे, असे ते खेळाडू कोणाला सांगत नव्हते.

ते सांगण्याचा काळ २००५ साली आला. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. लक्स साबणाच्या जाहिरातीत, जिथे १९४१ साली आपल्या लीला चिटणीस पहिल्या भारतीय अभिनेत्री म्हणून झळकल्या होत्या आणि जिथे त्यानंतर केवळ नायिकांनाच स्थान होते, तिथे गुलाबपाकळ्यांनी भरलेल्या टबात शाहरुख खान अवतरला; आणि त्याच वर्षी इमामी कंपनीने 'फेअर अँड हँडसम' ही खास पुरुषांसाठीची गोरेपणाची क्रीम बाजारात आणली. १९७५ पासून हिंदुस्थान लिव्हरची 'फेअर अँड लव्हली' घराघरांत होती आणि तिची नळी बहिणीच्या कपाटातून गुपचूप उचलणारे भाऊही पुष्कळ होते, हे व्यापाऱ्यांना माहीत होते. २००७ पासून शाहरुख खान या नव्या क्रीमचा प्रचारक झाला, आणि तिच्या जाहिरातींत मुलींची क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची कानउघाडणी करून त्याला मर्दांची क्रीम दिली जाऊ लागली. गोरे होण्याची इच्छा बाळगणे चूक आहे असे त्या तरुणाला कोणी सांगितले नाही. स्त्रीची वस्तू वापरणे ही लाज आहे, एवढेच त्याला शिकवले गेले. पुरुषी असुरक्षिततेचा इतका चतुर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही: काळा असल्याची भीती आणि बायकी ठरण्याची भीती, या दोन्ही एकाच तरुणाच्या मनात एकाच वेळी जागवायच्या आणि दोहोंवरचा उतारा म्हणून एकच नळी त्याच्या हाती द्यायची. १९९४ साली मार्क सिम्पसन या इंग्रज लेखकाने नटणाऱ्या शहरी पुरुषाला 'मेट्रोसेक्शुअल' हे नाव दिले, तेव्हा लंडनच्या त्या पुरुषाला हौस होती. आपल्या तालुक्याच्या मुलाला बाजाराने जी दिली ती धास्ती होती.

या क्रीमविषयीची एक फिर्याद दिल्लीत पुष्कळ वर्षे चालली, आणि तिचा तपशील प्रत्येक तरुणाने वाचावा असा आहे. एका ग्राहकाने २०१३ साली ७९ रुपयांना ही क्रीम घेतली, सांगितल्याप्रमाणे वापरली, आणि रंगात काही फरक पडत नाही असे पाहून ग्राहक मंचाकडे दाद मागितली. कंपनीची कैफियत अशी होती की ग्राहकाने ती नीट वापरलीच याचा पुरावा नाही. शिवाय गुण येणे हे केवळ क्रीमवर नव्हे, तर सकस आहार, व्यायाम, चांगल्या सवयी आणि स्वच्छ राहणी यांवरही अवलंबून असते. वेष्टनावर मात्र या अटींचा उल्लेख नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या जिल्हा ग्राहक मंचाने ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून कंपनीला साडेचौदा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. अशा निवाड्याविरुद्ध वर दाद मागण्याचा मार्ग कंपनीला मोकळा असतोच, आणि अंतिम निर्णय काय व्हायचा तो होवो. पण ती कैफियत मला निवाड्याहून मोठी वाटते. सकस आहार, व्यायाम आणि स्वच्छता यांनी माणूस तजेलदार दिसतो हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत. कंपनीच्या स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे यांच्यावाचून गुण येत नसेल, तर ७९ रुपये कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

या साऱ्याचे मूळ लग्नाच्या बाजारात आहे हे आपण सगळे जाणतो. मुलीचा रंग, तिची उंची, तिचा चष्मा यांची पाहुण्यांसमोर, पोह्यांच्या बशीआडून, उघड मोजदाद करण्याची क्रूर रीत आपण पिढ्यान् पिढ्या चालवली. आता मुलांच्याही रंगाची, टकलाची, उंचीची चर्चा विवाहमंडळांच्या फॉर्मवर आणि फोनवरच्या बायोडाटावर होऊ लागली आहे, आणि काही सुशिक्षित माणसे यात एक प्रकारचा न्याय पाहतात: बायकांनी सोसले, आता पुरुषांनीही थोडे सोसावे. मला हा विचार निर्दय वाटतो. एका मुलीचा अपमान दुसऱ्या मुलाच्या अपमानाने भरून निघत नाही; शिवाय प्रत्यक्षात घडते ते असे की आपल्या रंगाने खट्टू झालेला मुलगा स्वतःसाठी गोरी मुलगीच मागतो, आणि मोजदादीची ती रीत दुप्पट बळकट होते. २०२० साली अमेरिकेतल्या वंशद्वेषविरोधी आंदोलनांचे पडसाद उमटले तेव्हा 'लव्हली'च्या आधीचा 'फेअर' हा शब्द गेला आणि तिथे 'ग्लो' आला. त्याच कंपनीच्या पुरुषांसाठीच्या क्रीमचेही 'ग्लो अँड हँडसम' झाले. शब्द गेला हे बरेच झाले. पण सातारा-सोलापूरच्या रापलेल्या, उन्हात काम करणाऱ्या मुलाने 'डी-टॅन'साठी पैसे मोजावेत, म्हणजे शेतात आणि मैदानावर मिळवलेला आपलाच रंग पुसून घ्यावा, ही अपेक्षा त्या शब्दाबरोबर गेलेली नाही.

आणि हाच बाजार दुसऱ्या दारातून नेमका उलटा मालही विकतो. एकोणीसशे ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्याला गुळगुळीत गालाचे महत्त्व शिकवले गेले, त्याच्या मुलाला गेल्या दहा वर्षांत दाट दाढीचे महत्त्व शिकवले जात आहे. दक्षिणेतल्या आणि हिंदी चित्रपटांतले उग्र, दाढीवाले नायक, दाढीचे तेल, दाढीचा साबण, दाढी वाढवण्याचा दावा करणारी द्रव्ये, असा हा नवा संसार आहे. त्यातले वजन जोखायचे तर पॅराशूट तेल बनवणाऱ्या मुंबईच्या मॅरिको कंपनीने काय केले ते पाहावे: अहमदाबादच्या 'बिअर्डो'चा मोठा हिस्सा तिने २०१७ साली घेतला आणि २०२० पर्यंत ती संपूर्ण आपल्याकडे घेतली. ढोल-ताशा पथकांतल्या तरुणांच्या कानांत भिकबाळी परत आली आहे आणि ती त्यांना शोभते. तिच्याविषयी मला ममत्वच वाटते. परंतु ज्या मुलाच्या गालावर सतराव्या वर्षी विरळ केसच उगवतात, त्याला आपल्यात शौर्याचा अंश उणा आहे असे वाटू लागावे, इतके तिचे आणि दाढीचे नाते इतिहासाशी जोडून दाखवणे हा त्या इतिहासाचा दुरुपयोग आहे. टकलाचे भय तर याहून महाग पडते. २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केसांच्या प्रत्यारोपणानंतर मृत्यू झाला, आणि ही शस्त्रक्रिया कोणी करावी व कोणी करू नये याबाबत २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मार्गदर्शक नियम काढावे लागले. डोक्यावरच्या केसांसाठी माणूस जीव धोक्यात घालतो, यावरून त्याला किती खोलवर दुखावले गेले असेल याची कल्पना करावी.

मग पुरुष बदललाच नाही का? बदलला, पण चेहरा जितका बदलला तितके त्याचे हात बदलले नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीत घरच्या माणसांसाठीच्या बिनमोबदल्याच्या घरकामात दिवसभरात हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ आणि पुरुष अवघे २६ आढळले. ज्या पुरुषाला स्वतःच्या त्वचेची निगा कळू लागली, त्याला अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची दाढी करता येते का, तान्ह्या मुलीच्या अंगाला तेल लावून तिला न्हाऊ घालता येते का, बायकोच्या बाळंतपणात तिच्या दुखऱ्या पायांना शेक देता येतो का, ही खरी कसोटी आहे. ही कामे करणारे पुरुष मी पाहिले आहेत, त्यांची संख्या वाढते आहे याचा मला आनंद आहे, आणि त्यांच्यापैकी कोणाचेही चित्र कोणत्याही नळीवर छापले जात नाही याचे कारण उघड आहे: या कामांत विकण्याजोगा माल फारसा नसतो. मनाचे तर विचारूच नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुष होते, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६ होता. कर्जापायी, नोकरीपायी, व्यसनापायी आतून पोखरलेल्या पुरुषाला आपल्या दुःखाविषयी बोलण्याची परवानगी अजून कोणी दिलेली नाही. रडू नकोस, हे सांगणारा जुना मर्दपणा जसाच्या तसा शाबूत आहे. वर फक्त फेशियल चढले आहे.

पौरुषाची कल्पना खरोखर बदलणारी माणसे या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत, आणि योगायोग असा की त्यांच्या हातांत वस्तरा होता. १८९० साली 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईतले न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. आगरकर ज्या रूढीवर लेखणीने घाव घालीत होते, तिची अंमलबजावणी ज्यांच्या हातून होत होती त्यांनीच ते हात आखडते घेतले. हातावर पोट असलेल्या, जातीच्या उतरंडीत कोणतीही सत्ता नसलेल्या त्या पुरुषांनी, परक्या घरच्या, बहुधा आपल्याहून वरच्या जातीच्या बायकांसाठी, स्वतःची मिळकत आणि गिऱ्हाइकांची मर्जी पणाला लावली. मला विचारले तर गेल्या दीडशे वर्षांतल्या मराठी पौरुषाच्या इतिहासात या सभेचे स्थान कोणत्याही आखाड्याहून वरचे आहे, आणि शाळेतल्या मुलांना ती शिकवली जात नाही याचे मला दुःख होते.

दुसरी कथा कोल्हापूर जिल्ह्यातली, गडहिंग्लज भागातली आहे. सुमारे चार दशकांपूर्वी नवऱ्याच्या मृत्यूनंतर चार मुली पदरी असलेल्या एका बाईने त्याचा वस्तरा हाती घेतला आणि गावोगाव फिरून पुरुषांच्या दाढ्या करून मुली वाढवल्या. आरंभी लोक हसले, कुजबुजले. तरी काही पुरुषांनी तिच्यापुढे मान पुढे केली, मग इतरांनी केली. २०१९ मध्ये जिलेट कंपनीने उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात आजारी वडिलांचे दुकान चालवणाऱ्या दोन बहिणींवर जाहिरातपट काढला, सचिन तेंडुलकरनेही त्यांच्याकडून दाढी करून घेतली, आणि एका व्यापारी कंपनीने हा विषय चांगल्या रीतीने मांडला हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण गडहिंग्लजकडच्या त्या पहिल्या गिऱ्हाइकांना कोणत्याही जाहिरातीने धीर दिलेला नव्हता. धारदार पाते हाती घेतलेल्या विधवेसमोर गळा उघडा ठेवून स्वस्थ बसणे, यात जो विश्वास आणि जो मोठेपणा आहे, तो त्या शेतकऱ्यांनी स्वतःच्याच मनातून काढला होता.

म्हणून तरुणांनी नटू नये असे मी कदापि म्हणणार नाही. स्वच्छ, सुगंधी, नीटनेटका पुरुष घरालाही सुखावह असतो आणि स्वतःलाही. दाढीचे फेस, शाम्पू आणि केशतेल यांच्यावरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा शासनानेही ही दैनंदिन गरज मानल्यासारखेच झाले. गरज मानली की जबाबदारीही येते. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात गोरेपणाच्या दाव्यांचा समावेश करून दहा लाखांपर्यंत दंड ठेवणारा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० साली जाहीर केला होता. तो कायदा व्हावा, आणि मुलांना उद्देशून केलेल्या दाव्यांचे प्रकारही त्यात नावानिशी यावेत. त्वचारोगतज्ज्ञ ज्यांच्याविषयी सतत बजावतात अशी स्टिरॉइडयुक्त मलमे २०१८ पासून चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, तरी ती काही दुकानांत रंग उजळवणारी म्हणून हातोहात मिळतात. पारा मिसळलेल्या क्रीमने विदर्भातल्या एका कुटुंबात मूत्रपिंडाचे विकार उद्भवल्याचे आपण वृत्तपत्रांत वाचले आहे. नाभिक समाजाच्या जिल्हा संघटना चांगल्या बांधलेल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने उघडली तरी दाढीला मनाई राहिली, तेव्हा आपल्या सभासदांच्या पोटाचा प्रश्न त्यांनी हिरिरीने मांडला होता. अन्न व औषध प्रशासनाने या संघटनांना हाताशी धरावे, बंदी असलेल्या आणि घातक ठरलेल्या मलमांची मराठी यादी छापून येत्या लग्नसराईच्या आत प्रत्येक केशकर्तनालयात दरपत्रकाशेजारी लावावी, आणि कोणत्या डागावर, कोणत्या चट्ट्यावर हात न लावता मुलाला दवाखान्यात धाडायचे याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण कारागिरांना सरकारी खर्चाने द्यावे. विवाहमंडळांनीही आपल्या फॉर्मवरचा रंगाचा रकाना या वर्षापासून काढून टाकावा, मुलींच्याही आणि मुलांच्याही.